तेविसावी वाघीण

१

खेळातली मालगाडी खरी कशामुळे दिसते, या विषयावर चंद्रप्रकाश परब तासभर बोलू शकत, आणि समोरच्याने वेळीच काढता पाय घेतला नाही तर दोन तास. त्यांची बायको विमल तिसऱ्या मिनिटाला गॅसवरचं दूध बघायला उठून जाई. साकीनाक्याच्या नितेशला मात्र ऐकून घेणं भाग होतं, कारण वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, तोच बनवून देत असे. अ‍ॅक्रिलिक कापून दुकानांच्या पाट्या करायचा त्याचा धंदा. परबांनी हाताने काढलेल्या आकृत्या नेऊन दिल्या की तो फावल्या वेळात वीतभर लांबीची एकेक वाघीण कापून, चिकटवून, चाकं बसवून ठेवी.

"काका, सगळ्या एकाच मापाच्या करू ना," तो फोनवर म्हणाला. "पटापट होतील, दिसतील पण झकास."

"झकास दिसायला नकोत रे. खऱ्या दिसायला पाहिजेत."

मग परबांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आताच्या मालगाड्या म्हणजे एकाच साच्याचे पन्नास डबे. त्यांच्या वेळची गाडी मिसळीची असे. निम्म्याहून जास्त बंद वाघिणी, धान्याच्या नाहीतर साखरेच्या. चार-पाच उघड्या, खडीच्या. दोन तेलाच्या टाक्या, पण इंजिनाला खेटून कधीच नाही, मध्ये साधी वाघीण घालायची. एखादी पार दक्षिणेतली, वाट चुकून आल्यासारखी. शेजारच्या दोघींचा रंग सारखा उडालेला चालायचा नाही. गंजाला चहाचं कडक पाणी, धुळीला खडूची भुकटी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येकीला स्वतःचा नंबर. नंबर नसलेली वाघीण म्हणजे बेवारस वाघीण, तिला कुणी वाली नाही.

नितेश बिचारा हो हो म्हणत राहिला. परबांना हे बोलायचा हक्कच होता म्हणा. रेल्वेत अडतीस वर्षं काढली त्यांनी, आणि पहिली दहा-बारा तर नुसते नंबर घेण्यात. यार्डात मालगाडी लागली की तिच्या कडेने चालत जायचं, हर एक वाघिणीचा नंबर वहीत उतरवायचा आणि यादी ऑफिसात द्यायची. आता हे सगळं कॉम्प्युटर करतो. तेव्हा कुठली वाघीण कुठल्या गावाला गेली, हे त्या यादीवरूनच कळायचं. यादीत नाही ती वाघीण जगात नाही, असा सरळ हिशेब होता.

२

रुचिराचं लग्न होऊन ती बोरिवलीला गेली आणि मुलुंडच्या दोन खोल्यांतली आतली खोली परबांच्या ताब्यात आली. त्यांनी तिचं काय करून ठेवलं हे बघितलं असतं तर बांधणाऱ्यानेही कपाळाला हात लावला असता.

चारही भिंतींना कमरेइतक्या उंचीवर फळ्या ठोकून त्यावर रुळांचं एक मोठं वेटोळं. मधे माणूस फिरेल एवढी मोकळी जागा, तिथे एक स्टूल. फळ्यांच्या खाली ट्रंका, पिशव्या, गणपतीची मखरं आणि विमलच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ठासून भरलेल्या. दारासमोर मात्र फळी उचलती ठेवली होती, वाण्याच्या दुकानात गल्ल्याकडे जायला असते तशी. फळी उचलायची, आत शिरायचं, फळी खाली टाकायची, की रूळ जुळले. खिडकीला त्यांनी आतून प्लाय ठोकला आणि त्यावर आभाळ रंगवलं, कारण गाडीच्या मागे समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसायला लागले तर सगळ्यावर पाणी. दार आत उघडलं की फळीला अडायचं, म्हणून सुताराकडून ते बाहेर उघडणारं करून घेतलं. त्या भानगडीत कडीही बाहेरच्या अंगाला गेली.

"लोक घरात कुत्रं-मांजर पाळतात, आमच्याकडे वाघिणी," विमल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. पण खिडकी बंद केल्यावर तिने ती खोली झाडणं सोडलं. आत गुदमरतं, म्हणाली.

वेटोळ्याच्या लांबीचा हिशेब परबांनी आधीच केला होता. छत्तीस वाघिणी, पुढे इंजिन आणि मागे गार्डाचा डबा लावला, तर गाडीचं तोंड तिच्याच शेपटाला टेकेल. म्हणजे फळीवर कायम गाडी, आणि माणूस आतच. म्हणून गाडी बावीस वाघिणींची करायची ठरली. निदान नितेशला त्यांनी कारण तरी हेच सांगितलं.

३

ही बावीस कुठली निवडायची, हा प्रश्न त्यांनी फार सोपा करून टाकला होता. मनाने मिसळ करायला गेलं की माणूस हटकून नटवी गाडी जुळवतो. त्यापेक्षा खरीच एखादी उचलावी. त्यांच्या जुन्या नंबर-वह्या माळ्यावर होत्या. त्यातलं शहाऐंशी सालच्या मे महिन्यातलं एक पान त्यांनी काढलं. इतकी सुरेख मिसळ दुसऱ्या कुठल्या पानावर नव्हती.

त्या पानावर छत्तीस नंबर होते. पहिले बावीस धावत्या पेन्सिलीने, वेडेवाकडे, मधे घामाचा डाग. तेविसापासून छत्तिसापर्यंतचे चौदा मात्र एका ओळीत, ठसठशीत, शाळेतल्या पोराने शुद्धलेखन काढावं तसे. विमलने पान बघितलं असतं तर तिच्याही लक्षात आलं असतं. परबांनी पानाची खालची बाजू दुमडून ठेवली आणि वरचे बावीस नितेशला दिले.

वाघिणी तयार होऊन आल्या, त्यांना नंबर रंगवून झाले, आणि त्याच आठवड्यात राधा वहिनी आल्या.

राधा म्हणजे खंडूची बायको. खंडू जालन्याकडचा, परबांच्या बरोबरीने नंबर घेणारा, डबा एकत्र खाणारा. शहाऐंशीच्या मे महिन्यात, त्याच पानावरच्या दुपारी, तो गाडीचे नंबर घ्यायला गेला आणि परत आला नाही. गाडी निघून गेली. संध्याकाळी ऑफिसच्या खुंटीला त्याचा डबा तसाच लटकलेला होता. उन्हाच्या वेळी रिकाम्या बंद वाघिणीत बसून बिडी ओढायची त्याला खोड होती. यार्डात डब्यांना धक्का बसतो, सरकतं दार लागतं, बाहेरची कडी पडते, हे सगळ्यांनी तोंडात न आणता मनात धरलं. पुढच्या स्टेशनांना तारा गेल्या, यादीतल्या नंबरांवरून वाघिणी शोधल्या. मागच्या भागातली एक बंद वाघीण काही केल्या सापडली नाही. पाच एक सात दोन आठ. राधाने तो नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला आणि तान्ह्या मुलीला काखेत मारून ती चार-पाच वर्षं यार्डं पालथी घालत होती.

आता तिचे केस पांढरे झाले होते. घाटकोपरची खोली सोडून ती लेकीकडे, माधुरीकडे, नाशिकला कायमची जाणार होती. जाण्याआधी एकदा भेटून घ्यावं म्हणाली. चहा झाला, नातवंडांचं झालं. मग तिने कप खाली ठेवला.

"परबभाऊ, जावयाच्या ओळखीचा एक जण आहे, जुनी रेकॉर्डं बघतो. तो म्हणतो, पाच एक सात दोन आठ अशी वाघीण कधी बनलीच नव्हती. तुम्ही नंबर घेतला होता. बरोबर होता ना?"

तिने आरोप केला नव्हता. उलट तिच्या आवाजात एक वाट ठेवलेली होती, चुकलं म्हणायला. एवढ्या वर्षांनी कुणी काही करणार नव्हतं. परबांना ते कळलंसुद्धा.

"बरोबर होता, वहिनी," ते म्हणाले. "जुन्या रेकॉर्डांचं काही खरं नसतं."

तिने मान हलवली, आपला फोन नंबर कागदावर लिहून दिला आणि जिना उतरून गेली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी परबांनी गाडी फिरवली. गाडी फिरताना तिच्या वाघिणी मोजायच्या, पेन्सिल फळीच्या कडेवर टकटक करत, ही त्यांची जन्माची सवय. यार्डात ते असेच प्रत्येक वाघिणीच्या अंगावर पेन्सिल मारत चालत. गाडी एकदा फिरली. त्यांनी स्टुलावर नीट बसून पुन्हा मोजलं.

तेवीस होत्या.

शेवटची, गार्डाच्या डब्यामागे न जाता त्याच्या पुढे लागलेली, एक बंद वाघीण होती. ती त्यांनी उचलून हातात घेतली. काम इतकं बारीक होतं की आधी त्यांना आनंदच झाला. रिबिटं होती, दाराला सरकायची पन्हळ होती, खाली सुपारीच्या खांडाएवढी कडीसुद्धा. गंज चहाच्या पाण्याचा वाटत नव्हता. दोन्ही अंगांना नंबराची जागा कोरी होती. आणि वाघीण गरम होती, खिडकीतल्या उन्हात राहिलेली वस्तू असते तशी. खिडकीला प्लाय होता, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

नितेशला फोन केला तर तो म्हणाला की बावीसच दिल्यात, चलन बघा. असली कडी करायला आपल्याकडे मशीनच नाही. परबांनी मग स्वतःची समजूत घातली. खेळातल्या गाड्यांचा छंद असलेल्या ओळखीच्या मंडळींपैकी कुणीतरी कधीतरी भेट दिली असेल आणि आपण विसरलो असू. सासष्टाव्या वर्षी माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो, त्यात काय एवढं.

पण ती कोरी जागा त्यांना बघवेना. दिवसभर ते काहीतरी निमित्त काढून आत येत आणि तिच्याकडे बघत. बिननंबरची वाघीण गाडीत चालवायची नाही, हे त्यांच्या हाडात होतं. संध्याकाळी चारच्या चहानंतर त्यांनी बारीक ब्रश घेतला, वहीचं पान उलगडलं आणि तेविसावा नंबर बघून रंगवला. पाच एक सात दोन आठ. नंबर एका दमात उमटला. अक्षर ठसठशीत आलं होतं.

ब्रश धुताना त्यांना कळलं, आपण पुन्हा तेच केलं.

५

काय केलं ते सांगायला हवं, कारण परबांनी ते आजवर विमललाही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी परब इंजिनाकडून नंबर घेत निघाले होते आणि खंडू गार्डाच्या डब्याकडून. मधे कुठेतरी भेटायचं आणि याद्या जोडायच्या, असं ते दोघं लांब गाड्यांना करत. ऊन असं होतं की रूळ डोळ्याला लागत होते. परबांच्या बुटाची नाडी तुटली होती, तिच्या जागी त्यांनी वाघिणीला लेबल बांधायची लाल सुतळी ओवली होती, तीही सुटत होती. बावीस नंबर झाल्यावर ते थांबले आणि ऑफिसात परतले. माठातलं पाणी प्यायले. खंडू येईल आणि त्याचे चौदा देईल म्हणून बसले. तो आला नाही. गाडी सुटायची वेळ झाली, साहेब यादीसाठी ओरडायला लागले. तेव्हा परबांनी चौदा नंबर बसल्या जागी मनाने लिहिले, खाली सही केली आणि दोघं परत आलो म्हणून सांगितलं.

मनाने नंबर लिहिणारे ते काही एकटेच नव्हते. चुकला तर पुढच्या यार्डात दुरुस्त व्हायचा. बाकीचे तेरा तसे झालेही, पण तेविसावी त्याआधीच वाटेत कुठेतरी सोडली गेली आणि हा नंबर दुरुस्त करायला कुणीच नव्हतं. खंडू ज्या वाघिणीत होता ती यादीत नव्हती, आणि यादीत जी होती ती जगात नव्हती.

नंबर रंगवल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी पंचवीस वाघिणींची झाली. नव्या दोघींवर नंबर आधीच होते, परबांच्याच ठसठशीत अक्षरात. त्यांनी हाताची बोटं, नखं बघितली. रंग कुठेच लागलेला नव्हता. मधुमेहाच्या गोळ्यांनी असं काही होतं का, हे डॉक्टरला विचारायचं त्यांनी ठरवलं आणि विचारलं नाही. त्यांनी तिन्ही वाघिणी उचलून लोखंडी ट्रंकेत टाकल्या, वर कुलूप लावलं. सकाळी कुलूप जागच्या जागी होतं, ट्रंक रिकामी होती आणि गाडी अठ्ठावीस वाघिणींची होती. शेजारच्या दोघींचा रंग एकसारखा उडालेला नव्हता. मिसळ अप्रतिम जमली होती, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

विमल गुरुवारीच बोरिवलीला गेली होती. रुचिराच्या मुलीचं रविवारी पाच वाजता बारसं होतं. बिल्डिंगमध्ये मे महिन्याची सामसूम होती, वरचे-खालचे सगळे सावंत-राणे मुलाबाळांसकट गावी गेलेले.

"अहो, आवाज का असा येतोय तुमचा?" विमलने शनिवारी फोनवर विचारलं. "त्या कोंदट खोलीत बसू नका. आणि उद्या वेळेवर निघा, नाव ठेवायला आजोबा पाहिजेत."

परब म्हणाले, येतो. आणि ते खरोखर निघणार होते. एवढंच नव्हे, त्यांनी मनाशी ठरवलं होतं की बारसं उरकलं की तिथूनच राधा वहिनींना फोन लावायचा आणि तीन वाक्यांत सांगून टाकायचं. नंबर खोटा होता. मी घेतलाच नव्हता. तुम्ही उगाच शोधत राहिलात. ती वाक्यं त्यांनी आंघोळ करताना म्हणूनही बघितली, आणि कितीतरी वर्षांनी त्यांना हलकं वाटलं.

६

रविवारी दुपारी अडीच वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, बाळाची चांदीची वाटी पिशवीत टाकून परब तयार झाले. फोन हॉलमध्ये चार्जिंगला होता. तेवढ्यात आठवलं, आत गाडीचा प्लग लावलेलाच आहे. दोन-तीन दिवस घर बंद राहणार, तो काढायलाच हवा.

दार सताड उघडं होतं. फळीवरचे रूळ मोकळे होते आणि गाडी पलीकडच्या भिंतीला उभी होती. त्यांनी मुद्दाम मोजली नाही. फळी उचलली, आत गेले, सवयीने फळी खाली टाकली आणि प्लग काढायला फळ्यांखाली वाकले. प्लग निघाला. डोक्यावर चाकांचा आवाज सुरू झाला.

ते गुडघ्यांवर हात टेकून उठेपर्यंत गाडी थांबली होती. वेटोळं भरलं होतं. इंजिनाचं नाक गार्डाच्या डब्याला टेकलेलं, मधे बोट जायला जागा नाही. फळीवर बरोब्बर तेविसावी आणि तिच्या अलीकडची अशा दोघी उभ्या होत्या.

परब भ्यायले, पण चक्रावले नाहीत. खेळणंच ते. उचलून बाजूला ठेवायचं आणि जायचं. त्यांनी बाविसावी दोन बोटांनी धरली. ती हलली नाही. दोन्ही हातांनी धरली, मग पाय रोवून. वीतभर वाघीण होती, पण हाताला लागला तो बावीस टनांचा गच्चपणा, जो त्यांनी पूर्वी एकदा मस्करीत खऱ्या वाघिणीला खांदा लावून अनुभवला होता. तेविसाव्या वाघिणीला त्यांनी हात लावला नाही.

तेवढ्यात हॉलच्या खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि दार आपटून लागलं. कडी पडल्याचा आवाज झाला, एकच, स्वच्छ.

फळीखालून जाता आलं असतं. दार लागलेलं होतं तरी त्याला धडका देता आल्या असत्या, खालून जोरात ओरडता आलं असतं. परब खाली बसले, ओणवे झाले आणि त्यांनी फळीखाली डोकं घातलं. पुढे त्यांच्याच घरची फरशी असायला हवी होती. ग्रीसचा आणि तापलेल्या खडीचा वास आला. तळहाताला खडी टोचली. वर अंधारात लोखंडाचे जाड दांडे होते, त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर. नोकरीला लागल्या दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट त्यांना आठवली, उभ्या गाडीखालून कधी जायचं नाही, ती केव्हा हलेल सांगता येत नाही. त्यांनी डोकं मागे घेतलं. शर्टाच्या कॉलरला काळं ग्रीस लागलं होतं.

मग ट्यूब गेली. प्लायवरचं आभाळ दिसेनासं झालं आणि ती चार भिंतींची खोली आहे हे फक्त हाताला कळत राहिलं.

७

उकाडा वाढत गेला. परब भिंतीला हात लावत एक फेरी मारून आले. भिंत चुन्याची लागत नव्हती, पत्र्याची लागत होती, आणि हात ठेववत नव्हता. हे मनाचे खेळ आहेत, असं त्यांनी स्वतःला मोठ्याने बजावलं. आवाज लगेच अंगावर परत आला, बंद पेटीत येतो तसा.

हॉलमध्ये फोन वाजला. बराच वेळ वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. विमल असणार, पाहुणे जमले म्हणून. बारशाला घुगऱ्या केल्या असतील, पाळण्याला फुलं लावली असतील. परबांना रडू आलं. त्या बाळाला त्यांनी दवाखान्यात काचेतून एकदाच पाहिलं होतं.

"खंडू," ते म्हणाले. "नंबर मी घेतलाच नव्हता रे. मनाने लिहिला."

अंधारात बोलायचं आणखी एक राहिलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःपुढेही कधी उच्चारलं नव्हतं. बाविसाव्या वाघिणीपाशी ते थांबले ते उन्हामुळे नव्हे, सुतळी सुटली म्हणूनही नव्हे. पुढच्या वाघिणीच्या आतून आवाज आला होता. टक, टक. दोनदा. थोडं थांबून पुन्हा दोनदा. कडी काढायची तर दहा पावलं पुढे जावं लागलं असतं, उन्हात. परब क्षणभर ऐकत राहिले होते. उन्हाने लोखंड वाजतं, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि वही मिटली.

"ऐकलं होतं मी," ते म्हणाले. "खंडू, मी ऐकलं होतं."

आणि मग, कितीतरी लांबून, खडीवर पावलं वाजायला लागली.

कुणीतरी चालत येत होतं. दहा पावलं, मग एक टकटक, पेन्सिल पत्र्यावर मारल्यासारखी, मग क्षणभर शांतता, लिहून घेण्यापुरती. पुन्हा दहा पावलं. परबांच्या अंगातून जीव आल्यासारखी एक लहर गेली. ते मोजू लागले. सहा. सात. माणूस दमलेला होता, मधेच घसा खाकरत होता. ती खाकर ओळखीची होती. अकरा. बारा. ते पोटावर आडवे झाले, गाल खडीवर टेकवला. समोर, दार असायला हवं तिथे, खाली बोटभर उजेडाची फट होती. पांढरंफेक ऊन. एकोणीस. वीस.

फटीत बूट आले. तपकिरी कापडी बूट, धुळीने भरलेले. उजव्या बुटाला नाडी नव्हती, लाल सुतळी होती, आणि तिची गाठ सुटलेली होती.

शेजारच्या वाघिणीवर पेन्सिल वाजली. बावीस.

परबांच्या घशातून आवाज निघेना, तोंडाला कोरड पडली होती. त्यांनी मूठ वळली आणि पत्र्यावर मारली. दोनदा. थोडं थांबून पुन्हा दोनदा.

बूट जागच्या जागी राहिले. बाहेरचा माणूस ऐकत होता. इथून दहा पावलांवर कडी होती.

वही मिटल्याचा आवाज आला. त्याच्या मनात या घटकेला काय आलं असेल, हे परबांना कुणी सांगायची गरज नव्हती. बूट वळले. सुतळी खडीवर घासत, फारशी घाई न करता, पावलं ऑफिसच्या दिशेने निघून गेली.